बाह्य उपयोगासाठी

रविवारी, कन्नमवार नगरच्या गॅलरीत
वर्तमानपत्रं अंथरून कपाट आडवं केलं,
तेव्हा बाबा म्हणाले, आधी हलवून घे.
कपाट? मी विचारलं.
रंग. तळाशी बसतो तो, मिक्श्चरसारखा.

एकतीस वर्षं ते कंपाउंडर होते
काळाचौकीला, डॉक्टर केंकऱ्यांकडे.
दवाखाना मिटला आणि थकलेल्या तीन पगारांच्या बदल्यात
हे सागवानी धूड टेम्पोतून विक्रोळीला आलं.
वर काचेची दारं, खाली सहा खण,
खणांवर पितळी चौकटी, चौकटींत नंबर.
आईने दारातच विचारलं,
हे शिजवायचं कसं?

शेवटपर्यंत तिने त्यात एक चमचा ठेवला नाही.
आल्यागेल्याला सांगायची, डॉक्टरने फसवलं यांना,
साधा माणूस बघून लाकूड गळ्यात मारलं.
आतून यायच्या त्या वासाला
(बडीशेप, स्पिरिट, काहीतरी गोडसर कुजकं)
ती म्हणायची, तुमचा पगार.
पगार आला, दार लावा.

ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर.
आधी क्रीम रंग निघाला, पापुद्र्यांनी,
त्याखाली हिरवट, त्याखाली एक चॉकलेटी,
जो बाबांनीही कधी पाहिला नव्हता.
नखांत दवाखाना घेऊन मी चहा प्यायले.

रंग मी निळा आणला होता, मोरपंखीकडे झुकणारा.
देढियांनी मशीनवर थेंब थेंब मोजून दिलेला.
बाबांनी झाकण उघडलं आणि लगेच लावलं.
निळ्या बाटलीत विष असायचं, ते म्हणाले,
अंगावर रेघा असलेली बाटली,
अंधारातसुद्धा हाताला कळावं म्हणून.
कपाट कुणी पिणार नाहीये, बाबा.
ते आत गेले.
परत आले ते कात्री, कागद आणि खळ घेऊन.
पट्टी दुमडली, दोन्ही कडांना खाचा मारल्या,
उलगडली तर सारखे चार डोस.
डब्यावर उभी चिकटवली
आणि वर लिहिलं, त्या तिरक्या अक्षरात:
रोज एक हात. उपाशीपोटी नको.

सोमवारी पहिला हात दिला.
मंगळवारी तिसऱ्या खणाच्या कडेने जांभळा डाग वर आला.
आणखी एक हात. बुधवारी डाग परत,
जरा ऐसपैस, मांडी घालून बसल्यासारखा.
जेन्शन व्हायोलेट, बाबा म्हणाले, जवळजवळ कौतुकाने.
तोंड आलेल्या पोरांना लावायचो. आठ आठ दिवस,
हसली की कळायचं कुठली पोरं आपल्याकडे येऊन गेलीत.
ते तुझ्या निळ्याला नाही जुमानणार.
देढिया म्हणाले, चपडी मारा,
लाखेखाली सगळं गप्प बसतं.

चपडी मारताना स्पिरिटचा वास घरभर झाला.
बाबा स्टुलावर बसून तीन नंबरची चौकट
लिंबाने घासत होते.
पैसे देत होते केंकरे, ते म्हणाले.
पाकीट तयार होतं.
मीच म्हणालो, कपाट द्या.

चपडीत ब्रश थांबला की जोड दिसतो.
मी थांबले नाही.
मग?
मग काय. त्यांनी चौकट उजेडात धरून पाहिली.
तुझ्या आईला नको सांगूस.

खालून भंगारवाला ओरडत गेला,
सी विंगपर्यंत गेला, वळून परत आला.
बाबांनी लिंबाची फोड उलटी केली
आणि चकचकीत झालेलं पितळ
पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतलं.

आता ते फ्रिजशेजारी उभं आहे, निळं.
आतून रंगवायचं राहिलं.
डबा मोरीवरच्या फळीवर, पट्टीवर एक डोस शिल्लक.
त्याखाली कधीतरी, मी घरात नसताना,
लाल पेन्सिलीने एक ओळ वाढली आहे:
फक्त बाह्य उपयोगासाठी.