तरफा

मिरजेत, सतारमेकर गल्लीत, माडीवर,
वाळत टाकलेल्या भोपळ्यांशेजारी एका फळीवर
माझा सर्व्हर असतो.
जुना लॅपटॉप, बिजागरी तुटलेली, झाकण कायमचं उघडं.
त्याच्यावर एकच पान:
अब्बा जवारी काढतायत, अकरा मिनिटांचा आवाज.
घोडीवर कानस फिरते, थांबते,
एक तार छेडतात, ऐकतात, पुन्हा कानस.
दिवसाला चार-पाच जण येतात. त्यातली एक मीच.

मंगळवारी रात्री पावणेदहाला
फिनलंडमधल्या कुणा बाईनं आमची लिंक टाकली,
वर एक ओळ: हे ऐका.
ती जिथं लिहिते त्या जाळ्याला मालक नाही,
म्हणजे मालक हजार आहेत.
गावोगावी वेगळी चावडी
आणि एका चावडीचा दुसरीच्या शब्दावर भरवसा नाही.
म्हणून प्रत्येकीनं आपापला कोतवाल धाडला,
आमच्याच दाराशी, एकाच मिनिटात,
एवढंच विचारायला:
नाव काय? दोन ओळींत सांगा. फोटो आहे?

घेतलं की चालला. पुढचा.
नाव काय? दोन ओळींत सांगा. फोटो आहे?

पंखा घरघरायला लागला.
अब्बा जेवणावरून उठून वर आले, बोटांना रस्सा तसाच.
"कोण आलंय गं, मुबीना?"
"आठशे चाळीस जण."
त्यांनी जिन्याखाली वाकून पाहिलं. चपला नव्हत्या.
"बसवलं का नाहीस?"
"बसायला नाही आलेत, अब्बा.
घराची पाटी बघून जातायत.
माणसं मागून येणार."

माणसं मागून आली
तेव्हा पान पडलेलं होतं.

समजावून सांगताना मी अडखळले.
अब्बांनी कोपऱ्यातली अर्धवट सतार ओढली,
वरची एक तार नखानं छेडली;
खाली, कुणी हात न लावता, तरफा बोलल्या.
"असं?"
मी हो म्हटलं. मग नाही म्हटलं.
तरफ बोलते, कारण कुणीतरी बसून
खुंटी पिळत पिळत तिला त्या सुरात आणलेली असते.
ह्यांना कुणी लावलेलं नव्हतं. ह्यांना नुसतं सांगितलं होतं.
"सांगून वाजलं असतं," अब्बा म्हणाले,
"तर चाळीस वर्षं मी काय खाजवत बसलो?"

मग लॅपटॉपला कान लावला.
"काळी चारच्या जरा खाली आहे," पंख्याबद्दल म्हणाले.
"जवारी बंद आहे ह्याची. उघडायला पाहिजे."
"कानस खाली ठेवा, अब्बा."

रात्री कुपवाडच्या शाहीनला फोन लावला.
ती सांगत गेली तसं दाराबाहेरच चिठ्ठी लावली:
नाव हे, दोन ओळी ह्या, फोटो लहान करून.
घ्या आणि जा, जिना चढू नका.
दोनदा चुकलं. दीड वाजता शांत झालं.

सकाळी लॉग उघडला.
नाव, नाव, फोटो, नाव, नाव, फोटो, पानंच्या पानं,
आणि मध्येच, तीन वाजून सात मिनिटांनी,
एकजण.
चारदा येऊन बंद दार बघून गेलेला.
पाचव्यांदा आत आला
आणि बारा मिनिटं हलला नाही.
आवाज अकराच मिनिटांचा आहे.

खाली जाऊन अब्बांना सांगितलं.
ते एका भोपळ्यावर टिचक्या मारत होते.
"किंमत विचारली का त्यानं?"
"नाही."
टिचकी. कान. पुन्हा टिचकी.
"मग वरचं एक मिनिट काय करत होता?"