लंबगोल

येरेकाका जाऊन अकरा वर्षं झाली.
होडीच्या खोलीत, फाटक्या जाळ्यांखाली,
पत्र्याच्या डब्यात मास्क सापडला,
शंखजिऱ्याच्या पुडीत पुरलेला.
एकच काच, लंबगोल. काळं जाड रबर.
काचेभोवती पोलादी पट्टी
आणि पट्टीच्या माथ्यावर एक स्क्रू,
कुंकवाच्या टिकलीएवढा, तोही न गंजलेला.
रबर दुमडलं. एक भेग नाही.
पूड पांढरीशुभ्र होती, कालच भरल्यासारखी.
हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

बंदरावर दुये हसला.
त्याच्या दुकानात भिंतभर नवे मास्क,
दोन काचांचे, पारदर्शक, काड्यापेटीसारखे हलके.
"हा घालून तू मासे बघणार, की मासे तुला?"
मग नीट समजावलं, तो मनाचा चांगला आहे:
ह्यात नाकाला वेगळं घर नाही,
चिमटीत धरून कान मोकळे करता येणार नाहीत.
खालची कड अंगठ्यांनी वर रेट,
नाकपुड्या मिटल्या की जोर लाव.
आणि खाली जाताना नाकाने थोडी थोडी हवा आत सोड,
नाहीतर काच तुझे डोळे मागून घेईल.

"शिवाय गळणार," तो म्हणाला.
हे तर अख्ख्या बेटाला पाठ आहे.
येरेचा मास्क गळायचा,
अर्धा समुद्र डोळ्यांत घेऊन तो वर यायचा,
लाल, शिव्या घालत,
आणि तरी संध्याकाळी काट्यावर
सगळ्यांत जड पिशवी त्याचीच.
पेरिनाकाकू वल्ही मारायची.
इतकंच सांगतात तिच्याबद्दल.

काचेवर थुंकले, बोट फिरवलं, खाऱ्या पाण्यात विसळलं.
नव्या असोत, जुन्या असोत, सगळ्या काचांना
शेवटी माणसाची थुंकीच लागते.

सहा मीटरवर कान अडले.
अंगठे लावले. डावा उघडला, मग रुसत रुसत उजवा.
बाजूंचं जग कापलं गेलं होतं.
नव्या मास्कात समुद्र सगळीकडून अंगावर येतो,
ह्यात जिकडे तोंड फिरवावं तेवढाच मिळतो,
पण तेवढा पुरा.
समुद्रगवत एका अंगावर कलंडलेलं.
कपारीत म्हातारा हेकरू मासा, हनुवटी पुढे काढून.
अठरा मीटरवर स्पंज:
काळा, चिकट, ओल्या कोळशासारखा.
तो असा काळा असतो, हे न्हाणीघरातल्या माणसाला
कधीच खरं वाटत नाही.

मी गळण्याची वाट पाहत होते.
कपाळाशी कड दाबून नाकाने फुंकायचं,
पाणी बाहेर घालवायचं, सगळी तयारी होती.
एक थेंब आला नाही.
गालाच्या हाडाखाली रबर असं बसलं होतं
जसं कुणी आधीच तिथे राहून
जागा करून ठेवली असावी.
लहान चेहऱ्याची जागा.
काकाचं डोकं तर भोपळ्यासारखं होतं.

परतले तेव्हा काकू अंगणात
कात्रीने स्पंज गोल करत बसली होती.
ब्याऐंशीची आहे. वर न बघता म्हणाली,
"पाणी आलं?"
"नाही."
कात्री थांबली.
तिने मला जवळ बोलावलं. डोळ्यांत पाहिलं नाही,
कपाळ पाहिलं.
अंगठा फिरवला, एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत,
मग गालावरून खाली, नाकाखालून,
वळाच्या कडेकडेने, एकदाही न चुकता.
"इथलं उशिरा जातं," ओठाच्या वर बोट ठेवून म्हणाली,
"दिवस मावळेपर्यंत राहतं. लोक विचारतात."

आत भिंतीवर फोटो आहेत, मी ते लहानपणापासून पाहतेय.
बाप्तिस्म्याचा. कुणाच्या तरी लग्नाचा.
काकाला सहकारी संस्थेचं घड्याळ मिळालं, तो.
प्रत्येकात त्याच्या शेजारी काकू,
भर ऑगस्टमध्येही रुमाल भुवयांपर्यंत ओढलेला,
हाताची पालथी बाजू तोंडावर,
हसू लपवतेय असं आम्ही म्हणायचो.

मी दारात उभी, केसांतून पाणी ठिबकत.
विचारायचं ते इतकं होतं की एकही विचारलं नाही.

"गोड्या पाण्यात धुतलास ना?" बाहेरून आवाज आला.
"सावलीत वाळव. पूड
माझ्या कपाटात आहे, खालच्या खणात."
आणि कात्री पुन्हा चालू झाली.