रहिवासी, पण नेहमीची नाही

सलालाहून मी परत आले ऑक्टोबरच्या नऊ तारखेला.
साकोलीचे काटेखाये बोटांवर महिने मोजून म्हणाले,
बरं झालं बाई, दहा दिवस आधी उतरल्या असत्या
तर याच वर्षी रहिवासी ठरल्या असत्या.
एकशे ब्याऐंशी दिवस लागतात म्हणे
करखात्याला, माणूस घरी आला हे पटायला.

मी विचारलं, मधल्या सुट्ट्यांचं काय?
वर्षाआड महिनाभर यायची मी,
एकदा बाबाच्या मातीला दोन दिवस उशिरा पोचले,
ते दिवस कुठं धरता?
ते म्हणाले, पासपोर्ट आणा, शिक्के पाहू.

पुढच्या वर्षीचा माझा दर्जा त्यांनी कागदावर लिहून दिला:
रहिवासी, पण नेहमीची नाही.
दोन-तीन वर्षं असंच चालेल,
तिकडच्या ठेवीला तोवर धक्का नाही,
फक्त इथलं जुनं खातं बदलून घ्या,
आता तुम्ही परदेशात नाही, हे बँकेला सांगावं लागतं.
बसमध्ये तो कागद मी दोनदा काढून वाचला.
इतकं खरं माझ्याबद्दल कोणी लिहिलं नव्हतं.

घरी वही केली.
सतरा वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात पगार रियालात मोजला,
हात अजून दिसेल त्याला दोनशे अठरानं भागतो.
मेथीची जुडी वीस, म्हणजे नव्वद बैसा. फुकटच.
सिलिंडर, चार रियाल.
कवेलू फेरायला आलेल्या मनिरामनं सातशे मागितले,
मी हजार दिले.
आता गावात माझा भाव हजार.
पहिला महिना असा राणीसारखा गेला.
दुसऱ्या महिन्यात ध्यानात आलं,
पगार थांबलाय,
भागाकार थांबला नाही.

मग घरपट्टी.
सतरा वर्षांची बाकी, वर दंड,
हे धरून मी पर्समध्ये बारा हजार घेतले
आणि ग्रामपंचायतीत राहांगडाल्यांसमोर बसले.
त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट खाली खाली नेलं.
गोंडाणे छबी, घर क्रमांक दोनशे चौदा.
बाकी: निरंक.
पुन्हा पाहा म्हटलं.
पुन्हा पाहिलं. पाणीपट्टीही निरंक.
दर मार्चला भरलीय, पावतीवर सही नाही, अंगठा आहे.

अंगठा सत्यफुलाचा.
ढिवरांच्या टोलीतली, माझ्या कुंपणापलीकडची,
तिच्या नवऱ्याची जाळी
मी गेल्यापासून माझ्या अंगणात वाळत आलेली.
मी बारा हजार घेऊन गेले तेव्हा ती झिंगे निवडत होती.
वर न पाहता म्हणाली,
"तुह्या आंगनात जारे सुकवतो आमी बारा मईना,
मंग पट्टी कोन भरल वो? तू तं दर्यापार."
पैसे घे म्हटलं.
"भाडा होता तो आमचा. दिला, सरला."

मी तिथंच उभी.
अंगणात फरशी घालायचं मी ठरवलं होतं,
छप्पन्न हजारांचा अंदाज वहीत लिहूनही झाला होता.
फरशीवर जाळं तापतं, सुताचा जीव जातो,
हे तिनं नाही सांगितलं,
मनिरामनं सांगितलं, दुसऱ्या दिवशी, हजार घेतल्यावर.

वहीतली ती ओळ मी खोडली.
भाडं म्हणून येणारं उत्पन्न
दाखवायचं का, हे काटेखाय्यांना विचारायचं राहिलं.
विचारणारही नाही.

आज एकशे चौदावा दिवस.
सकाळी सत्यफुला कुंपणावरून वाटीभर झिंगे देत म्हणाली,
तीस रुपये.
मला वाटलं, गंमत करते.
हात तसाच पुढं.
"उधारी नाई आपल्याकडं."

मी तीस दिले.
वहीत लिहिलं: झिंगे, तीस.
पुढचा रकाना कोराच ठेवला.