जिथे बर्फाचा कारखाना होता, तिथून

मानाग्वातल्या औषधांच्या दुकानात रात्रपाळी मिळाली
ती आवाजामुळे.
माझं स्पॅनिश मोडकं. मी नदीकाठची, मिस्कितो,
शाळेत शिकलेली, म्हणजे पाठ केलेली.
"तुझा आवाज झोपलेल्याला दचकवत नाही,"
एर्सिलियाबाई म्हणाल्या,
आणि टेलिफोनशेजारी एक पुठ्ठा चिकटवून दिला.

मे कोन्फिर्मा ला दिरेक्सियोन? पत्ता एकदा पक्का करता?
कोमो से एस्क्रीबे? कसं लिहायचं?
रेपीतो. पुन्हा सांगते.
एस कोर्रेक्तो? बरोबर?
बाकीचं लोक आपणहून बोलतात, त्या म्हणाल्या.

बोलतात खरे.
इथे घराला नंबर असला तरी त्याला कुणी विचारत नाही.
उत्तर म्हणजे तळ्याकडे.
पूर्व म्हणजे वर, पश्चिम म्हणजे खाली.
दक्षिण बिचारी दक्षिणच,
तिला कुणी टोपणनाव ठेवलेलं नाही.
पहिल्याच आठवड्यात मी एका बाईंना विचारलं,
"वर, म्हणजे कितव्या मजल्यावर?"
त्या इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली,
आणि औषधाची आणखी एक बाटली मागवली त्यांनी.

बे आणि वे कानाला सारखेच.
म्हणून रात्री दोन वाजता
मी अनोळखी माणसांना विचारते,
गाढवाचा बे की गायीचा वे?
आणि ते अगदी गंभीरपणे सांगतात: गाय.

सगळ्यात उशिरा कळलं ते 'फुए'.
दे दोंदे फुए: जिथे होता, तिथून.
जिथे बर्फाचा कारखाना होता, तिथून तळ्याकडे दोन चौक.
जिथे चिंच होती, तिथून वीस वार वर.
कारखाना भूकंपात गेला,
चिंच रस्तारुंदीत.
"मग आता तिथे काय आहे?" मी विचारलं.
"काहीही असेल. आहे ते बदलतं गं.
नाही ते कुठे बदलतंय?"
मोटरसायकलवाला यादेर तेवीस वर्षांचा,
त्याच्या बापानेही तो कारखाना पाहिलेला नाही,
पण वळतो तो बरोबर तिथेच.

व्याकरणाच्या वहीत 'फुए' दोनदा आलं होतं,
एकदा 'होता'खाली, एकदा 'गेला'खाली.
लिहिताना चुकले असेन म्हणून एक मी खोडलं.

काल पावणेतीनला एव्हेनोर नावाच्या म्हाताऱ्याचा फोन. इन्सुलिन.
"कारखाना होता तिथून तळ्याकडे दोन चौक,
दहा वार खाली,
जिथे तोमासा फुए."
तोमासा म्हणजे दुकान असेल, खानावळ असेल.
रेपीतो, मी म्हटलं. कारखाना, तळ्याकडे दोन,
दहा वार खाली, जिथे तोमासा
आणि अडकले.
होती?
गेली?
पलीकडे पंखा कुरकुरत होता.
"एस कोर्रेक्तो?"
काय विचारतेय ते माझं मलाच कळेना.
"कोर्रेक्तो," ते म्हणाले.
मग जरा वेळाने, "पुन्हा एकदा म्हण, पोरी."

मी पुन्हा म्हटलं. पूर्ण.

यादेर वीस मिनिटांत परत आला, खिशात दोन केळी.
त्यांच्याकडे सुट्टे नव्हते.
"तोमासाचं घर ना? सापडतं की."

पहाटे फोन थांबले.
पगाराच्या कागदावर कायमचा पत्ता हा रकाना
मी चार महिने कोरा ठेवला होता.
वादळानंतर आमच्याकडे लिहिण्यासारखं काय उरलं?
मी लिहिलं: जिथे देवळाची घंटा फुए,
तिथून वांग्कीकडे चाळीस वार.

एर्सिलियाबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"वांग्की? कोमो से एस्क्रीबे?
गाढव की गाय?"

"डब्बल वे," मी म्हटलं. "दोन गायी."
त्यांनी पेनाने एकेक अक्षर तपासलं,
आणि विचारलं, बरोबर?