शिंगांचं माप

अब्बांच्या जुन्या वहीत
गुत्तेदाराच्या पँटची कंबर, अडतीस.
खाली मोईन वकिलाची शेरवानी,
आणि त्याच पानावर, त्याच शाईत:
काळवीट. डावं साडेतेवीस. उजवं तेवीस. पीळ चार.

औशात इंची पट्टी काही एकट्या अब्बांकडं नव्हती.
पण लतीफ टेलर माप वाढवून सांगत नाही,
यावर चौघांचंही एकमत.
वकील, गुत्तेदार, गोविंदराव पेशकार
आणि दातांचा डॉक्टर सुभानराव,
ज्याच्याकडं रायफल होती आणि पेशंट नव्हते.

ज्वारी हुरड्यात आली की
लिलावात घेतलेली मिलिटरीची जीप
रात्री लामजन्याच्या माळाकडं जायची.
दुकानाच्या फळ्या निघायच्या आत हॉर्न.
अब्बा अर्धा चहा तसाच ठेवून उठत.
मी दारामागून बघायचे:
पोत्यावर टाकलेली मान,
पाठ काळी, पोट नीळ दिल्यागत पांढरं,
ओठाला हरभऱ्याचं एक पान चिकटलेलं.

मग भांडण.
वकील म्हणे, सरळ मोजा, बुडापासून टोकापर्यंत.
गुत्तेदार म्हणे, पिळावरून मोजा,
रस्त्याचं बिल काय वळण सोडून काढतात का?
अब्बा दोन्ही मापं लिहीत
आणि कुणाचं खरं ते सांगत नसत.

हैदराबादच्या पेंढा भरणाऱ्याला
मानेचा घेरही लागायचा.
त्या दिवशी डॉक्टरचा काळवीट होता, अजून ऊन.
अब्बांनी मानेभोवती पट्टी घेतली,
दोन बोटं आत सरकवली, जशी गिऱ्हाइकाला सरकवत,
आणि सवयीनं म्हणाले,
"सांस छोडो, साब."

चौघं हसले.
वकील तर पायरीवरच बसला, डोळे पुसत.
अब्बाही हसले थोडं.
पट्टी गळ्यात अडकवली,
मग काढली,
आणि हापशावर जाऊन धूत बसले,
कितीतरी वेळ.

चौदा ते सतरा, एवढे आकडे तेव्हा पुसले गेले.
पट्टी आता माझ्याकडं आहे.
ब्लाऊजची बाही त्या आकड्यांत आली
की मी अंदाजानं लिहिते.
कधी चुकतं. बायका कुरकुरतात.
नवी पट्टी दहा रुपयांना मिळते, मला माहीत आहे.

पुढं कायदा आला. वकिलानंच आधी वाचला,
आणि आपलं डोकं रातोरात आडात टाकलं.
पेशकारांचं वाळवीनं खाल्लं.
डॉक्टरचं कुठं गेलं, कुणी सांगत नाही.
गुत्तेदाराचं मात्र आहे,
तुळजापूर रोडला, नातवाच्या मंगल कार्यालयात,
परवान्याचा कागद शेजारी फ्रेम करून,
उजव्या शिंगाला कुणाची तरी टोपी.

परवा लग्नाला गेले होते.
ऑफिसात कुणी नव्हतं.
खुर्चीवर चढले, टोपी काढली,
पर्समधून पट्टी काढून लावली. सरळ.
डावं साडेतेवीस.
उजवं तेवीस.
अब्बांनी सूतभरही वाढवलं नव्हतं.

मग पट्टी मानेकडं नेली.
काचेचे डोळे दाराकडं बघत होते.
आत पेंढा आहे, दुसरं काय असणार,
तरी दोन बोटं आपोआप पुढं झाली
आणि तोंडाशी ते शब्द आले.

बाहेर कुणी तरी हाक मारली, पंगत बसली म्हणून.
मी टोपी होती तिथं ठेवली
आणि खुर्ची पुसली.