अस्करची ओहोटी

शुक्रवारी सुट्टी. मोइदूच्या पिकअपमधून
अंधारातच अस्करला उतरतो.
पाणी लांब गेलेलं. उघड्या चिखलावर
समुद्रानं मांडून ठेवलेला आठवड्याचा हिशेब:
डिझेलचा निळा डबा,
तीन चपला, तिन्ही डाव्या पायाच्या,
मासे धरायचे गरगूर, तारेचे घुमट, गंजून बसलेले,
पोट फुटलेली गादी
आणि कुणाच्या तरी फ्रीजचं दार, उताणं,
अंड्यांचे खळगे आभाळाकडे करून.

या सगळ्यातून टाके घालत
पळताहेत तुतवार.

मी पोटावर झोपतो. कोपरांखाली शिंपले कचाकच.
लेन्स जुनी, मनामातल्या एका नर्सकडून
चार हप्त्यांत घेतलेली.
पहिला तासभर मी फक्त टाळत असतो.
थोडं डावीकडे, म्हणजे दार जाईल.
थोडं खाली, म्हणजे कारखान्याची चिमणी जाईल,
इथली एकच चिमणी जी उडत नाही.

बारा वर्षं हेच करतोय.
घरी गेलेल्या प्रत्येक फोटोत माझ्यामागे
तीच दोन खजुरीची झाडं, तोच पांढरा कठडा.
खोलीतली सहा अंथरुणं, दोरीवरचे बनियन
अंगठ्यानं कडेला सारलेले.
आई विचारते,
तिथं इतकी झाडलोट कोण करतं रे?

एक चिखल्या डब्याला टेकून बसलेला,
एक डोळा मिटून.
पण निम्मी चौकट त्या निळ्यानं खाल्लेली.
मी सरपटत गेलो, हात लांबवला,
डबा वीतभर सरकवला.

तो उठला. त्याच्यामागे अख्खा किनारा उठला,
वळताना सगळा पांढरा,
पुढच्या वळणावर चिखलाच्याच रंगाचा,
मग नाहीच.
तेव्हा कुठे कानाला लागला शमाल,
वाळूचे कण घेऊन आडवा येणारा.
डब्याच्या त्या बाजूला एवढा वेळ वारा नव्हता.

उपड्या होडीपाशी हाजी मरहून तार वळत होते.
हसले. पक्कड उंचावून म्हणाले, तैतवी.
मी म्हटलं, टिटवी?
तैतवी.
टिटवी!
दोघांनी शब्द हातात घेऊन उलटसुलट पाहिला.
आमची वेगळी, मी हातवारे करत सांगू लागलो,
रात्री ओरडते, म्हातारी माणसं दचकतात,
पाय वर करून झोपते,
आभाळ पडलंच तर झेलायला.
त्यांनी वर बघितलं, बराच वेळ.
"इदर आसमान मजबूत है, सदीक."
मग पकडीनं डब्याकडे खूण केली:
"वापस."

चिखलात तळाचा गोल ठसा होता तसाच.
डबा त्यात बरोबर बसला.

पाखरं परतली, पण डब्यापाशी नाही.
उन्हं चढल्यावर एक तुतवार, लंगडा असावा,
टुणटुण करत फ्रीजच्या दारावर चढला.
खळग्यांत रात्रीच्या भरतीचं पाणी होतं.
पहिल्यात चोच, दुसऱ्यात चोच,
चौथा वगळून पाचव्यात.
मी डावीकडे सरकलो नाही.

मोइदूनं हॉर्न दिला तेव्हा दोनशे बारा फोटो झाले होते.
त्यातला हा एक:
पक्षी किंचित हललेला,
दाराच्या कडेचं फाटकं रबर मात्र इतकं लख्ख
की त्यातली बुरशी मोजावी.

आईला तोच पाठवला, न कापता.
दोन निळ्या खुणा. मग बराच वेळ
ती काहीतरी लिहीत होती, थांबत होती,
पुन्हा लिहीत होती.

पाखरू गोड आहे, आलं शेवटी.
दार कुणाच्या घरचं?