पंचवीस, चाळीस वेळा

लोकेश दुडमला मी खडू आणायला पाठवलं
आणि तो गांधीलमाश्यांचं पोळं बघून आला.
सगळं सांगितलं त्यानं, पोळ्याला खोल्या किती,
कुठली माशी बाहेर पडली, कुठली आत शिरली.
खडू?
त्यानं स्वतःच्या रिकाम्या हाताकडं असं पाहिलं
जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

सातवी ब. साखर पेठेतली शाळा, डोक्यावर पत्रा,
मार्चमध्येच चाळीस अंश.
चिडलो मी. खोटं कशाला सांगू.
गणिताच्या वहीत इतिहास, इतिहासाच्या वहीत काहीच नाही,
तिसरी कंपासपेटी हरवलेली,
आणि तोंडी उत्तरं मात्र बरोबर, माझ्याही आधी.
शिक्षकखोलीत निकाल लागला होता,
हुशार आहे, पण माजलाय.

मग सिव्हिलमधून कागद आला. एडीएचडी,
खाली डॉक्टरबाईंची घाईतली सही.
वडील कागदाची घडी घालत म्हणाले,
दोन लावा सर, सरळ होतंय की.

त्यांच्याच शेडमध्ये मी नंतर उभा होतो,
टॉवेलच्या मागासमोर, कानांत खटखट गच्च.
एक धागा तुटला. माग आपोआप थांबला.
त्यांनी वाकून टोक शोधलं, जिभेनं ओलं केलं,
गाठ दिली, माग सोडला.
दोन लावल्या नाहीत.
मी तसं म्हणालो नाही. त्या आवाजात
ऐकूही गेलं नसतं.

भाग्यलक्ष्मी दुडम. मांडीवर सूप,
ओल्या फडक्यात तेंदूची पानं, पत्र्याचा फर्मा, कात्री.
मी विचारलं, रोज हजार विड्या होतात कशा तुमच्याकडून?
हजार कोण वळतंय सर, मान वर न करता ती म्हणाली,
मी पंचवीसच वळते की ओ.
चाळीस वेळा.

त्या रात्री मी स्वाध्यायाला कात्री लावली.
एका चिठ्ठीवर तीन गणितं. झाली की उठायचं,
खिडकीपर्यंत जायचं, यायचं, पुढची चिठ्ठी.
‘अभ्यास कर’ हे वाक्य टाकून दिलं.
त्याला दारच नव्हतं, पोरानं शिरावं कुठून?
त्याऐवजी, वही काढ. लाल सुताची. पान उलट. तारीख घाल.
सूत वडिलांनी दिलं, न बोलता, तीन रंगांचं.
दप्तराच्या चेनला चार गाठींची दोरी,
डबा, बाटली, वही, कंपास.
वेळ त्याला दिसत नव्हती,
म्हणून वाळूचं घड्याळ आणलं,
तर तो वाळूच बघत बसला.
ते गेलं कपाटात.

चिठ्ठ्या गुरुवारी हरवल्या.
चिठ्ठ्यांचा डबा सोमवारी.
एका दुपारी मी पुन्हा ओरडलो, पूर्वीसारखाच,
सगळा वर्ग गप्प,
आणि तो काळजीनं म्हणाला, सर, तुमचा धागा तुटला.
वर्ग हसला. मी जरा उशिरा.

आज शाळा सुटल्यावर तो फाटकापर्यंत गेला,
थबकला, दोरी चाचपली, उलटा पळत आला.
बाकाखाली बाटली होती.
कुणी न सांगता, पहिल्यांदाच.
ती उंच धरून मला दाखवली आणि सुटला.
वाकताना बाकावर टेकवलेलं दप्तर
तिथंच.

हाक जिभेवर आली होती. गिळली.
खिडकीत उभा राहून मोजायला लागलो,
ओकटि, रेंडु, मूडु,
दहाच्या पुढं मला तेलुगू येत नाही, पुढं मराठीत.
तो फाटकाबाहेर. गोळेवाल्याच्या गाड्यापाशी.
सतरा. अठरा.
एकोणीसला त्याचा हात
रिकाम्या खांद्यावर गेला.